दामू सरांचं मधलं वाक्य

"सर, गारठा फार आहे, स्वेटर घाला," असं म्हटलं तर साधा माणूस स्वेटर घालतो किंवा घालत नाही. दामू सर उजव्या हाताची दोन बोटं वर करतात.

"थांबा राव. मधलं वाक्य कुठंय?"

"कसलं मधलं वाक्य, सर?"

"गारठा आहे, हे तुमचं पहिलं. स्वेटर घाला, हे शेवटचं. मला गारठा लागू नये अशी माझी इच्छा आहे, हे मधलं. ते तुम्ही मला न विचारता माझ्या नावावर टाकलं आणि वर गिळूनही टाकलं."

हे सांगताना त्यांचे दात वाजत असतात. पण तुम्ही कबूल होईपर्यंत ते स्वेटरला हात लावत नाहीत. कबूल झालात की आत जातात आणि स्वेटर घालून निमूट बाहेर येतात, कारण गारठा त्यांनाही लागत असतोच. माझ्या कितीतरी सकाळी अशा वाया गेल्या आहेत, आणि त्या कुणाकडे परत मागायची सोय नाही.

सर जुन्नरच्या आमच्या बोळात, समोरच्या माडीवर भाड्यानं राहतात. एकटे. मूळचे निमगाव सावाचे. तिथे त्यांचा धाकटा भाऊ किसन शेती बघतो. आम्ही दोघांनी एकाच ज्युनिअर कॉलेजात नोकरी केली. मी भूगोल शिकवायचो, म्हणजे ज्या नद्या मी जन्मात पाहिल्या नाहीत त्यांची नावं पोरांकडून पाठ करून घ्यायचो. सर तर्कशास्त्र शिकवायचे. दोन वाक्यांवरून तिसरं कसं निघतं, आणि निघत नसताना लोक ते कसं ओढून काढतात, हा त्यांचा विषय. पोरं त्यांच्या माघारी त्यांना 'मधलं' म्हणायची. तास संपला की माझा विषय संपायचा. सरांचा विषय त्यांच्याबरोबर चहाला यायचा, एसटीत बसायचा आणि रविवारी गावीही जायचा.

आमच्या भागात उसात बिबटे राहतात हे आता कुणाला नव्यानं सांगायला नको. एकदा सकाळी प्राचार्य म्हणाले, "रात्री कुत्री भुंकली नाहीत, म्हणजे इकडे काही बिबट्या आला नव्हता."

सरांची दोन बोटं वर. "मधलं वाक्य असं, की बिबट्या आला तर कुत्री भुंकतातच. पण ज्याला बिबट्यानं उचललं ते कुत्रं कसं भुंकणार?"

प्राचार्य हसले. दुपारी शिपाई सांगत आला की कॉलेजमागचा काळू सकाळपासून कुठे दिसत नाही. या काळूला सर रोज आपल्या डब्यातली चतकोर भाकरी घालायचे. संध्याकाळी ते माझ्या गाडीवर मागे बसले. घराजवळ आल्यावर म्हणाले, "मी चुकलो असतो तर बरं झालं असतं." दुसऱ्या दिवशीही त्यांच्या डब्यात काळूच्या वाट्याची चतकोर होतीच.

किसनशी त्यांचं वाकडं आलं ते कांद्यावरून. आमच्याकडे कांदा काढला की साठवणीच्या हवेशीर चाळीत भरतात आणि भाव चढायची वाट बघत बसतात. लवकर विकला आणि भाव चढला तर पस्तावा. ठेवला आणि सडला तरी पस्तावा. घरटी वर्षभर पुरेल एवढा पस्तावा या एका पिकातून निघतो. तर एका रविवारी किसन म्हणाला, "दादा, मागच्या साली लवकर इकला आन् लई पस्तावलो. म्हणून यंदा थांबणार."

"मधलं वाक्य गाळलंस. यंदाचं साल मागच्यासारखंच जाणार, हे तुला कोण सांगून गेलं?"

किसन घाबरला आणि आठवड्याच्या आत त्यानं चाळ रिकामी केली. पुढे भाव चढला. मग तो एसटीनं खास जुन्नरला आला आणि माडीच्या पायरीवर बसून त्यानं सरांना फैलावर घेतलं.

"दादा, तुझ्यापायी इकला मी."

"मी विक म्हटलं नव्हतं. तुझं थांबणं त्यातून निघत नाही, एवढंच म्हटलं होतं."

"मग इकणं निघत व्हतं का?"

"तेही निघत नव्हतं."

"मग काय निघत व्हतं?"

"काहीच नाही."

किसननं त्या वर्षी दिवाळीचा फराळ पाठवला नाही. सरांना करंज्या फार आवडतात. माझ्या बायकोनं, रेखानं, ताट भरून दिलं तेव्हा त्यांनी घेतलं, पण ते ताट बघता बघता म्हणाले, "वहिनी, मी त्याला कधीच कुठं नेऊन सोडत नाही हो. फक्त रस्ता कुठं तुटलाय ते दाखवतो. माणसाला तेवढ्यानं भागत नाही." खरंच भागत नाही. सरांकडे सल्ला विचारायला गेलेला माणूस परत येताना जास्तच भांबावलेला असायचा, आणि पुढच्या खेपेला माझ्याकडे यायचा. मी बिनधास्त काहीही सांगून टाकायचो. लोक खूश असायचे.

पुढे सरांच्या विषयालाच उतरती कळा लागली. सगळ्यांना सायन्स हवं, नाहीतर आयटीआय. शेवटी तर्कशास्त्राला एकच मुलगी उरली, आणि ती आली नाही की सर रिकाम्या वर्गात तासाची घंटा होईपर्यंत बसून राहायचे. मी एकदा दारातून म्हटलं, "सर, वर्गात कुणी नाही, घरी जा की." त्यांनी सवयीनं बोटं वर केली, मग तशीच मिटली. खिडकीतून समोर शिवनेरी दिसायचा, तिकडे बघत बसले. विषय बंद झाल्यावर त्यांना ग्रंथालयात बसवलं, आणि तिथूनच ते निवृत्त झाले.

निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले, "दामू सर सर्वांना हवेहवेसे होते, म्हणून आज सर्वांचे डोळे पाणावले आहेत." सभागृहात आम्ही मोजकीच माणसं होतो आणि सगळ्यांचे डोळे कोरडे होते. सरांची बोटं अर्धी वर आली. मग त्यांनी ती खाली घेतली आणि पुष्पगुच्छ दोन्ही हातांनी नीट धरला. मला ते बघवलं नाही.

सर एकटे का राहिले हे मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. मी समजत होतो की असल्या माणसाशी कोण लग्न करणार. एका रविवारी निमगावला किसनच्या चाळीसमोर आम्ही कांदे निवडत बसलो होतो आणि सर मळ्यात गेले होते. तेव्हा किसननं सांगितलं.

आंबेगाव तालुक्यातल्या एका गावची सुमन नावाची मुलगी सरांना दाखवली होती. सरांना मुलगी आवडली. नुसती आवडली नाही, तर घरी आल्यावर ते दोन दिवस कुणालाही मधलं वाक्य न विचारता राहिले, आणि त्यावरून घरच्यांनी काय ते ओळखलं. मग सुपारी फोडायचं ठरलं. आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न पक्कं.

"गाडी भरून माणसं नेली आमी," किसन म्हणाला. "समदं ठरलं. मानपान ठरला, साड्या ठरल्या, तारीख ठरली. पोरीचा मामा म्हणला, आमची सुमन गप हाय, म्हंजी तिला पसंत हाय. फोडा सुपारी. आन् आमच्या दादानं बोटं वर केली."

"तिथंही?"

"तिथंच की राव. म्हणला, मधलं वाक्य ऱ्हायलं. गप बसणाऱ्याला पसंतच असतं असं कुठं हाय? तुमी आत जाऊन तिला इचारा, मी तिला पायजे का. ती हो म्हणली की मग फोडा."

मामाला वाटलं, पोरीचं दुसरीकडे कुठे काही आहे असा संशय हा भर बैठकीत घेतोय. आवाज चढले, टोप्या झटकल्या गेल्या, सुपारी ताटातच राहिली. त्याच हंगामात सुमनला येडगावला देऊन टाकलं.

"आणि येडगावला देताना तिला विचारलं?" मी म्हटलं.

किसननं माझ्याकडे नीट बघितलं. "तिला कशाला इचारत्यात?" तो म्हणाला, आणि सडका कांदा बाजूला टाकला.

मी घरी येऊन हे रेखाला सांगितलं, ही माझी चूक झाली. तिच्या पोटात प्रश्न राहत नाही. दुसऱ्याच दिवशी सर चहाला आले तेव्हा ती तांदूळ निवडत होती, आणि तिनं मान वर न करता विचारलं, "सर, येडगावच्या बाईंबद्दल तुम्हाला पस्तावा होत नाही का हो?"

मला वाटलं आता सर उठून जाणार. पण त्यांनी कप खाली ठेवला आणि बोटं मोजायला घेतली.

"बघा वहिनी. मी त्या दिवशी बोललो नसतो तर लग्न झालं असतं. हे एक. मला ती हवी होती. हे दोन." इथे ते जरा थांबले. "म्हणून बोललो याचा मला पस्तावा झाला पाहिजे. हे शेवटचं. दिसतंय ना बरोबर? मीही बरोबरच धरून चाललो होतो. पुष्कळ वर्षं रीतसर पस्तावा केला. मग एकदा वर्गात पोरांना उदाहरण देता देता माझ्याच ध्यानात आलं, की मधलं वाक्य नाहीच."

"कुठलं?"

"तिलाही मी हवा होतो."

रेखाचे हात सुपात थांबले.

"ते वाक्य असेल," सर म्हणाले, "तर मी दोघांचं वाटोळं केलं, आणि माझा पस्तावा खरा. आणि ते नसेल, ती नुसती भीतीनं गप्प असेल, तर मी एका पोरीला माझ्यापासून वाचवलं. मग मला आनंद व्हायला पाहिजे. एकट्या माझ्या इच्छेवरून पस्तावा निघत नाही, वहिनी. तिची इच्छा लागते. ती माझ्याजवळ नाही. म्हणजे मी पस्तावायचं की नाही, हेच मला इतकी वर्षं कळलेलं नाही. लोकांना निदान पोटभर पस्तावता तरी येतं."

"मग जाऊन विचारा की एकदा."

"येडगावला? परक्या घरच्या बाईला, ती नातवंडं खेळवत असताना?" सर हसले, पण ते हसणं काही बघण्यासारखं नव्हतं. "आणि विचारल्यावर ती गप्प बसली, तर मी काय समजू?"

एकदा आठवडे बाजारात ती त्यांना दिसली होती म्हणे. तिनं सरांकडे बघितलं आणि पदर सावरला. "त्यावरून काहीच निघत नाही," असं सर म्हणाले. पण ती हकिगत त्यांनी फार सावकाश सांगितली. पदराचा रंगही सांगितला.

त्यानंतर मला सरांचा राग येईनासा झाला, हे एक नुकसानच झालं. पूर्वी ते बोटं वर करायचे तेव्हा मी मनातल्या मनात शिव्या घालून मोकळा व्हायचो. आता वाटायचं, हा माणूस सगळ्या जगाची गळालेली वाक्यं हुडकत फिरतो, कारण त्याला स्वतःचं एक सापडत नाही. रेखा तर त्यांच्या बाजूनंच बोलायला लागली. दुधात पाणी आहे असं मी म्हटलं, तरी मला मधलं वाक्य विचारायची.

यंदाच्या थंडीत एसटी स्टँडसमोर एक फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली सुमनबाईंचा फोटो, आणि दशक्रियेची वेळ, येडगावचा घाट. मी तो जाताना पाहिला आणि घरी आल्यावर रेखाला म्हटलं, सरांना कसं सांगायचं? तोवर सरच बोळ ओलांडून आमच्याकडे आले. दारातच उभे राहिले.

"तुमची गाडी उद्या सकाळी मोकळी आहे का?"

"आहे."

"मग जाऊन येऊ."

आमच्या जुन्नर-आंबेगावात दहावा हा मोठा कार्यक्रम असतो. मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर, महाराजांचं प्रवचन आणि मग पुढाऱ्यांची भाषणं. ओळख असो नसो, माणसं जातात, त्यामुळे आम्ही तिथे का आलो असं कुणी विचारलं नाही. येडगावच्या धरणाच्या पाण्यावर धुकं होतं. घाटावर दगडी ओट्यावर पिंड मांडला होता आणि सगळी मंडळी मागे सरून कावळ्याची वाट बघत होती.

कावळा पिंडाला शिवला म्हणजे गेलेलं माणूस सुटलं. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली आहे असं समजतात. मग जवळच्यांनी पुढे होऊन एकेक वचन द्यायचं, आणि ज्या वचनाला कावळा शिवेल तीच इच्छा होती असं धरायचं. यात किती मधली वाक्यं गळाली असतील ते देवच जाणे. मी सवयीनं सरांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते.

कावळा येईना. काव काव करून झालं. लांब पाण्यातल्या खांबावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. त्याच्याकडे बोट दाखवून एकानं विचारलं, "गुरुजी, ह्यो चालंल का?"

"न्हाई चालत," गुरुजी म्हणाले.

थोरला मुलगा पुढे झाला, हात जोडले. "आई, आमी दोघं भाऊ भांडणार न्हाई." यावर कुणाचाच विश्वास बसला नाही, कावळ्याचाही नाही. धाकटा म्हणाला, "आई, तुझी काशी ऱ्हायली, तुझा फोटू घेऊन जाऊन येतो." काही नाही. मग एक पुढारी माइक हातात घेऊन म्हणाले की मातोश्रींच्या नावानं आपण इथे निवारा शेड उभी करू. पाणकावळा उडून गेला.

"म्हातारीचं लईच काय तरी ऱ्हायलंय," माझ्या शेजारचा म्हणाला. दुसरा म्हणाला, "मनातलं कधी बोलली न्हाई वो ती. गप असायची."

मी सरांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी आजवर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. त्या माणसानं जन्मभर असल्या अनुमानांचा चोथा केला होता, आणि आता तो श्वास रोखून आभाळाकडे बघत होता. कावळा येऊ नये, असं त्यांना वाटत होतं. तिचं काहीतरी राहिलं होतं, आणि ते काय होतं हे या सगळ्या माणसांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी देवाला फारसा त्रास देत नाही, पण तिथे मी त्याला म्हटलं, आजच्या दिवस कावळे कुठेतरी दुसरीकडे ठेव.

लोक आता चुळबुळ करायला लागले होते. एक म्हातारा हात जोडून पिंडाला म्हणाला, "सुमन, काय पायजे तुला बाई? बोल की." मग आणखी दोघं तिघं तेच म्हणाले. काय पायजे ते सांग. सगळा घाट हात जोडून उभा होता.

"आणखी कुणाला काय बोलायचं हाय का?" गुरुजींनी विचारलं.

सरांनी हात सोडले आणि एक पाऊल पुढे टाकलं. मी त्यांची बाही धरली. त्यांनी ती सोडवून घेतली आणि दुसरं पाऊल टाकलं.

तेवढ्यात बायकांमधून तिची लेक पुढे आली. रडून तिचा आवाज बसला होता. "आये, तुझ्या शेरड्या हे इकणार व्हते, मला म्हाईत हाय. मी इकू देणार न्हाई. चंद्रीला मी माज्या घरी न्हेती. तू जा."

शेळ्या विकायला निघालेल्या दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. कडेच्या जांभळीवरून एक कावळा सुटला, सरळ खाली आला आणि पिंडात चोच घातली. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. "शेरडात जीव व्हता म्हातारीचा," शेजारचा म्हणाला आणि खुर्ची पकडायला मांडवाकडे धावला.

सर पुढे टाकलेल्या पावलांवरच उभे होते. मला त्या कावळ्याचा राग आला, त्या सुपारीवाल्या मामाचा आला, लेकीचासुद्धा आला, आणि ती बिचारी तर खरंच रडत होती. मी सरांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते वळले आणि गाडीकडे चालायला लागले.

गाडी थोडं अंतर गेल्यावर मी विचारलं, "सर, तुम्ही काय बोलणार होता?"

"बोलणार नव्हतो. विचारणार होतो."

"एवढ्या लोकांत?"

"आता विचारायला हरकत नव्हती," मागून ते म्हणाले. "मेलेलं माणूस गप्पच असतं. त्या गप्प बसण्यावरून मला काही समजून घ्यायचं नव्हतं."

"सर, कावळ्याला भूक लागली असेल. ती बोलली आणि तेव्हाच तो आला, एवढंच. त्यावरून—"

"काही निघत नाही. माहीत आहे मला. जन्मभर पोरांना तेच शिकवलं." मी एक खड्डा चुकवला. "तरी लागलं."

उसाच्या मधून रस्ता जात होता आणि धुकं अजून हटलं नव्हतं.

"पण एक झालं," सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की मी गाडी हळू केली. "सगळा गाव हात जोडून तिला विचारत होता, बाई, तुला काय पाहिजे. मी त्या दिवशी एवढंच म्हटलं होतं."

पुढे रस्त्याला लागून एक घर आलं. दारावर तोच फ्लेक्स होता. माणसं सगळी घाटावर, घर बंद. कडेला पत्र्याखाली शेळ्या बांधलेल्या होत्या आणि सकाळपासून कुणी चारा टाकलेला दिसत नव्हता. सरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी गाडी उभी केली.

त्यांनी बांधावरच्या सुबाभळीचा डहाळा मोडला आणि पत्र्यापाशी गेले. एका शेळीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. मी म्हटलं, तीच चंद्री असणार. सरांनी मला मधलं वाक्य विचारलं नाही. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. लांब घाटावर भाषणं सुरू झाली होती, आणि लाऊडस्पीकरवर कुणीतरी सांगत होतं की सुमनबाई तृप्त मनानं गेल्या, त्यांना काही कमी नव्हतं.

"घेतेस का?" सरांनी विचारलं.

शेळी त्यांच्याकडे बघत राहिली. डहाळा तिच्या तोंडापासून हातभर लांब होता. थोडा पुढे केला असता तर तिनं सहज ओढून घेतला असता. मी रस्त्यावरून सांगणार होतो, अहो सर, द्या ना तिला. पण ती आपण होऊन मान पुढे करेपर्यंत त्यांनी हात जागचा हलवला नाही.